नव्या फोनची तब्येत

बंद पडलेलं काहीही ज्ञानेश चालू करून दाखवतो, अशी चाकणच्या त्या कंपनीत त्याची ख्याती होती. ही ख्याती पसरवण्याचं बरंचसं काम त्याने स्वतःच केलं होतं. मेंटेनन्समध्ये त्याची निम्मी हयात गेली. मशीन अडलं की हातातला चहा तसाच ठेवून निघायचा आणि परतताना, कुणी विचारलं नसलं तरी, दोष नेमका कुठे होता ते चारचौघांना ऐकवायचा. असा हा माणूस हल्ली रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मेलेला फोन हातात धरून मोशीपर्यंत मुकाट बसून असायचा.

फोन नवा कोरा होता. घेतला होता तो संस्कृतीसाठी, म्हणजे तिच्याशी बोलायला. मुलगी दहावी होताच लातूरला गेली होती, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला. तिच्या आईला, दिपालीला, हे पसंत नव्हतं. ज्ञानेशनेच हट्टाने धाडली. हॉस्टेलात मुलींचे साधे फोन रेक्टर बाईंच्या ताब्यात असत आणि रविवारची चाचणी सोडली तर रोज संध्याकाळी तेवढा तासभर हाती मिळत. ती वेळ नेमकी बसची. संस्कृती आधी पप्पांनाच लावायची. "जेवलीस का? अभ्यास कसा चाललाय?" एवढं होईतो फोन मान टाकायचा. मग उरलेला वेळ ती आईशी बोलायची.

शेजारी बसणाऱ्या ओंकारचा फोन मागता आला असता, पण मग नव्या फोनची शोभा साऱ्या बसने पाहिली असती. "अहो, पॉवर बँक घ्या एखादी," दिपाली म्हणाली.

"नव्या फोनला पॉवर बँक? बोहल्यावरच्या नवरदेवाला काठी देतात का कुणी?"

"मग ऐकू नका लेकीचं. रोज म्हणते, पप्पांशी नीट बोलायचंय म्हणून."

"काय बोलायचंय?"

"मला कुठे सांगते! बरी आहे म्हणते."

लेक बरी होती, तेव्हा प्रश्न फक्त बॅटरीचा उरला आणि ज्ञानेशने बाह्या सरसावल्या. कंपनीत बिघाड झाला की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत आहे. पाचव्या 'का'ला मूळ दोष सापडतो म्हणतात. त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. बॅटरी का संपते? स्क्रीन फार उजळ आहे. का? दुकानदाराने तशी लावून दिली. का? गिऱ्हाईकाला भुरळ पडावी म्हणून. का? त्याला पोट आहे म्हणून. इथवर आल्यावर पाचवा 'का' विचारायची हिंमत झाली नाही. कागद दिपालीने कोथिंबीर निवडायला घेतला.

मग त्याने स्क्रीनचा उजेड पार तळाला नेला. मागचं चित्र हटवून काळा रंग लावला. दिसतील ती अॅप उडवली. त्यात गॅसच्या बुकिंगचंही गेलं. तरी संध्याकाळी फोन आडवाच. शेवटी आकुर्डीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या मुलीने तपासणी करून सांगितलं, "सर, बॅटरी एकदम ओके आहे. वापर थोडा कमी करा."

"वापर?" ज्ञानेश तावातावाने म्हणाला. "मॅडम, कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. दिवसभर गेटवरच्या कपाटात पडून असतो हा!"

उत्तर त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. पण दुसऱ्याला ऐकवायची इतकी सवय, की स्वतःचं बोलणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा फोनमध्ये थोडी धुगधुगी शिल्लक असताना संस्कृतीचा कॉल आला. बस चाकणच्या चौकात अडकलेली, सूर्य नेमका खिडकीत, आणि स्क्रीन याच्या कृपेने काळीठिक्कर. हिरवं कुठलं नि लाल कुठलं, काही दिसेना. अंदाजाने बोट टेकवलं आणि लेकीचा फोन कट केला. लगेच उलटा लावायला गेला, तर धुगधुगीही संपली. घरी आल्यावर दिपाली म्हणाली, "पप्पा कामात आहेत वाटतं, म्हणाली." ज्ञानेशला घास गोड लागला नाही. स्वतःच्या हुशारीचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

रविवारी मात्र नवल घडलं. घरात फोनवर दिवसभर क्रिकेट चाललं, दिपालीने भावजयीला पोटभर फोन केला, तरी दिवेलागणीला बॅटरी निम्म्यावर. सोमवारी सकाळी ज्ञानेश गेटवरच्या कपाटापुढे येऊन थबकला. जाड पोलादी कपाट, दारांना कडेने रबर. आत रेंजचा थेंब नाही. आत ठेवलेला चालू फोन दिवसभर टॉवर शोधत वणवण करणार आणि संध्याकाळपर्यंत दमून मरणार.

हे कपाट ज्ञानेशनेच आणवलं होतं. पूर्वी तिथे लाकडी मांडणी होती, फोनांची अदलाबदल व्हायची. त्याने सूचना मांडली, व्यवस्थापनाने उचलून धरली, सर्टिफिकेट मिळालं, फोटो बोर्डावर लागला. फोन आणि कपाट एकाच महिन्यात आले. कपाटाच्या दारावर सूचना होती, तीही याच्याच शब्दांत: 'फोन बंद करूनच आत ठेवावा.' अख्खी कंपनी ती पाळत होती. आपण लिहिलेली सूचना आपल्यालाही लागू असते, हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. लेकीचा चुकून दिवसा फोन आला तर कळावं, म्हणून तो आपला फोन चालूच ठेवायचा. त्या कपाटात फोन येणार होता कुठून?

ज्ञानेश एकटाच खो खो हसायला लागला. गेटवरच्या चिमाजीने मान बाहेर काढली. "काय झालं सायेब?"

"दोष सापडला, चिमाजी."

"कुठं व्हता?"

"हा काय, तुझ्यापुढे उभा आहे."

"काय बी बोलताय सायेब," म्हणत चिमाजीने रजिस्टर पुढे सरकवलं. ज्ञानेशने फोन बंद केला आणि मान खाली घालून कपाटात ठेवला.

संध्याकाळी फोन जवळजवळ भरलेला निघाला. बसमध्ये त्याने तो ओंकारला दोनदा दाखवला. तेवढ्यात कॉल आला.

"पप्पा, बॅटरी किती आहे?"

"भरपूर! अगं, ऐक तर काय गंमत झाली. आमचं ते गेटवरचं कपाट आहे ना..."

"म्हणजे आज बंद नाही ना पडणार?"

"छे! हवं तेवढं बोल."

पलीकडे रडू फुटलं. "पप्पा, मला इथे नाही राहायचं. मला हे जमत नाहीये. मम्मीला सांगितलं असतं तर ती तुमच्याशी भांडली असती. तुम्हालाच सांगायचं होतं, पण दोन मिनिटांत कसं सांगू?"

ज्ञानेशकडे उत्तरं तयार होती: सगळ्यांनाच जड जातं, जरा कळ काढ, आता माघार घेऊ नको. ती त्याने बाजूला ठेवली. इतके दिवस आपण एका यंत्राची काळजी केली आणि ही पोर रोज संध्याकाळी सांगायला येऊन तशीच परत गेली, याची त्याला लाज वाटली, आणि तिच्याजवळ असायला हवं होतं असं फार वाटलं.

"रडून घे बाळा," तो म्हणाला. "मी आहे. मग सगळं सांग, पहिल्यापासून."

ती सांगत राहिली. तो मधे बोलला नाही. मोशी आली. ओंकारने कोपराने ढकललं. ड्रायव्हर हिंदुराव आरशातून ओरडला, "ओ सायेब, उतरायचं न्हाई व्हय?" ज्ञानेशने हातानेच 'चला' म्हणून खूण केली. त्याचा स्टॉप मागे पडला, बस पिंपळे गुरवच्या वाटेला लागली.

"पप्पा, घर आलं का तुमचं? मग ठेवू?"

"नाही गं," ज्ञानेश म्हणाला. "घर अजून खूप लांब आहे. तू बोल."