चमचाभर मामाची

मामी कधी कुणाला वाट विचारत नसे. चुकली तरी ठामपणे चुकायची आणि मग तोच रस्ता जवळचा होता हे सगळ्यांना पटवून द्यायची. म्हणून गाडी चालवायला तिने नणंदेला घेतलं. वन्सं शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, दारूचा थेंब घेत नसत आणि फाट्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत. व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या पाहत फिरायला याहून चांगला ड्रायव्हर शोधून सापडला नसता.

ही तशी सहल नव्हतीच. मामीचा बार होता, नवऱ्याने उभा केलेला. गिऱ्हाइकं त्याला मामा म्हणत, म्हणून ती मामी. काउंटरमागे एक लहानसं लाकडी पिंप होतं आणि त्यातली व्हिस्की 'मामाची' म्हणून खपे. ती तो स्वतः मिसळायचा. यात काय काय आहे असं कुणी विचारलं, की ओठांवर बोट ठेवायचा. गेल्या वर्षी तो गेला आणि जाताना गुपितही घेऊन गेला. हळूहळू पिंपातली व्हिस्कीही तळाला लागली. माणूस गेला ते तिने सोसलं होतं. आता चवही गेली तर तो दुसऱ्यांदा जाणार होता, आणि ते तिला सोसवणार नव्हतं.

पण हातपाय गाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. उरलेल्यातली एक बाटली तिने ताडून पाहण्यासाठी भरून घेतली आणि बारमनला हुकूम सोडला, "बाकीची विकून टाक. पिंप गरम पाण्याने स्वच्छ धू आणि वाळव. अस्सल माल घेऊनच येते."

"आणि नाही सापडला तर?"

"मी शोधायला निघालेय," मामी म्हणाली, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

पहिल्या डिस्टिलरीत तांब्याची उंच भांडी होती आणि हवेत भिजल्या धान्याचा वास भरला होता. तिथल्या मॅनेजरने मामाचं नाव काढताच हात जोडले. "मामा? आमचाच माल न्यायचे. तो मनुकांचा गोडवा आहे ना, तो आमचा." मामीने एक घोट त्याचा घेतला, एक आपल्या बाटलीतला. गोडवा होता खरा, पण बाकीचा मामा कुठेच नव्हता. वन्संच्या हातात मात्र एक चिमुकली बाटली पडली. गाडी चालवणाऱ्याने आपला वाटा घरी नेऊन घ्यायचा, अशी तिथली रीत होती. "मला काय करायचीय?" असं म्हणत त्यांनी ती पर्समध्ये ठेवून दिली.

दुसऱ्या डिस्टिलरीत धुराचा वास सापडला आणि तिथल्या मॅनेजरनेही छातीवर हात ठेवून सांगितलं, की मामांची व्हिस्की म्हणजे आमचीच. तिसरीकडे गोदाम सांभाळणाऱ्या बाई तर चिडल्याच. "दुसऱ्या कुणाची? मी स्वतः त्यांच्या गाडीत पिंपं चढवलीत." मामीने तिन्हीकडचा थोडा थोडा माल घेतला, घरी मिसळून बघू म्हणून. वन्संच्या पर्समध्ये आता चालताना किणकिण वाजू लागली होती.

संध्याकाळी गावातले बार पाहणं हाही कामाचाच भाग, असं मामीचं म्हणणं. धंदा शिकायचा तर दुसऱ्याच्या काउंटरला टेकून शिकावा. पहिल्या गावात तळघरातल्या बारमध्ये एकजण ट्रम्पेट इतका सुरेख वाजवत होता, की मामीने त्याला तिथल्या तिथे आपल्या बारचं आमंत्रण दिलं. दुसऱ्या गावात लोक माइक धरून गात होते. वन्संनी आधी निवेदकाचं व्याकरण सुधारलं, मग दोन गाणी म्हटली आणि शेवटी नाचल्यासुद्धा.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र मामी काउंटरला टेकलीच नाही. नाचायच्या जागेवर गर्दी जमली होती, आणि या दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या.

"तिघंही शपथेवर सांगतात, आमचाच माल. म्हणजे दोघं तरी थापा मारतायत."

"किंवा तिघंही खरं बोलत असतील," वन्सं म्हणाल्या.

मामीचं लक्ष नव्हतं. तिने पर्समधून मामाची बाटली काढली. ताडून पाहता पाहता ती संपत आली होती. उरलेली तिने दोन ग्लासांत ओतली. "आता काय जपायची? निरोप देऊन टाकू." आपला ग्लास तिने एका दमात रिकामा केला. वन्संनी नुसता वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"सगळ्या उत्साहावर विरजण पडलं बघा, वन्सं."

जन्मभर शब्द शिकवलेल्या बाईला शब्दावर अडखळायची सवय असते. "विरजण," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. "घरी विरजण दादाच लावायचा. दह्याचं भांडं कधी चाटूनपुसून खाऊ दिलं नाही मेल्याने. दूध कुठलंही चालेल, म्हणायचा, विरजण आपलं पाहिजे."

मामीचा हात टेबलावर तसाच राहिला. इतकी वर्षं तिने त्याला पिंपात ओतताना पाहिलं होतं. कुठूनही येताना जे चांगलं मिळेल ते तो आणायचा आणि ओतायचा. पिंप मात्र कधी रिकामं होऊ द्यायचा नाही. जुनी व्हिस्की नवीला आपल्या वळणावर नेई. कृती नव्हतीच, मग ती सापडणार कुठून?

"मामाने आपल्या सगळ्यांना मामा बनवलं," ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग तिचं हसू एकदम थांबलं. तिने बारमनला फोन लावला.

"धुतलं की, मामी," तो अभिमानाने म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच. आत वाससुद्धा ठेवला नाही."

मामीने फोन ठेवला. बाटली उलटी करून पाहिली, तर कोरडी. आपला ग्लास तर तिने स्वतःच संपवला होता. ती वन्संच्या ग्लासाकडे वळली, तर टेबलावर ग्लासच नव्हता. तळाला घोटभरच होती म्हणून वेटरने तो संपलेला धरला होता आणि ट्रेवर घेऊन तो मोरीकडे निघाला होता. मामी उठली. नाचणाऱ्यांना बाजूला सारत, एकाच्या गळ्यातला हात सोडवत ती सरळ त्या गर्दीतून गेली आणि मोरीच्या दाराशी तिने ट्रेवरून ग्लास उचलला. 

"एवढीशी पुरेल?" वन्संनी विचारलं.

"विरजणाला चमचाभर लागतं," मामी म्हणाली आणि तो घोट तिने जपून परत बाटलीत ओतला. या वेळी बाटली मांडीवर धरूनच ती गाडीत बसली.

घरी आल्यावर पिंपाच्या तळाला आधी तो घोट गेला, मग तिन्ही डिस्टिलऱ्यांचा माल.

"आणि माझ्या या?" वन्संनी पर्स उघडली.

"ओता. तुमचा वाटा तुम्हीच घाला."

बारमनला मामीने एवढंच सांगितलं, की हे पिंप पुन्हा धुतलंस तर मी तुला धुईन.

काही महिने तिने पिंपाच्या नळाला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. मग एका संध्याकाळी थोडी ग्लासात घेतली आणि काउंटरमागे उभी राहून डोळे मिटून प्यायली. मामाची होती. थोडी मामीचीही झाली होती, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

"मामी," बारमनने हळूच विचारलं, "गिऱ्हाइकांनी विचारलं, यात काय काय आहे, तर काय सांगू?"

मामीने ग्लास खाली ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं.