रूथचे वाळे

"थांबायचा वेळ कमी ठेव बरं, बाई," असं विल्यममामांनी सेट जोडून देतानाच बजावलं होतं. साराने ते कानाआड केलं.

मामा दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्यांशी बोलण्याचं वेड त्यांनीच भाचीला लावलं, परवान्याच्या परीक्षेलाही बसवलं. ती लग्न होऊन शिरूरला आली, तिला मुलगी झाली, रूथ, तेव्हा पोरीला सांभाळताना हात मोकळे राहावेत म्हणून त्यांनी सेटला एक सोय करून दिली. आवाज झाला की सेट आपोआप बोलता व्हायचा. गप्प बसलं की जरा थांबून बंद व्हायचा आणि मगच समोरच्याचं ऐकू यायचं. ते थांबणं एका बटणाने कमी-जास्त होई. साराला बोलता बोलता रूथकडे वळून बघायची सवय. वाक्य मध्येच तुटू नये म्हणून तिने बटण पार टोकाला नेलं होतं.

आदल्या दिवशी मामांना चक्कर आली होती. म्हणून आज तिने दिवेलागणीआधीच हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. सामसूम. एका कानाला हेडफोन, दुसरा कान रूथच्या वाळ्यांकडे, असा तिचा नेहमीचा थाट. पोरगी नुकती चालायला लागलेली. कुठे जाते ते कळावं म्हणून पायात मुद्दाम घुंगरांचे वाळे. ते टेबलाभोवती छुमछुमत होते आणि दौंड गप्प. साराला मामा मोरीत पडलेले दिसू लागले, दाराला आतून कडी. एस.टी. मिळेल का अजून? निघायचंच म्हणून तिने सेटच्या उबेवर वाळत टाकलेलं रूथचं झबलं ओढलं.

झबल्याखाली लाल दिवा पेटलेला. म्हणजे सेट अजून बोलतच होता, आणि ती तर केव्हाची गप्प होती.

दिवा विझायच्या आत रूथचं पुढचं पाऊल पडत होतं. सेट इमानेइतबारे वाळे दौंडला पाठवत होता.

साराने पोरीला उचललं, पाय मुठीत धरले, बटण मागे फिरवलं. जरा जास्तच; "मामा" म्हणेपर्यंत सेट खटकन बंद. थोडं पुढे आणलं, तेव्हा कुठे जमलं.

"...मघाधरनं वरडतोय, मी बरा हाय. तुझ्या घरात बैलगाडी शिरली का काय?"

"मामा, मला वाटलं तुम्ही पडलात."

"पडतोय कशाला? चहा पितोय. कमी ठेव म्हटलं व्हतं का न्हाई?"

"म्हटलं होतं," सारा हसत म्हणाली.

चक्कर गेली म्हणाले. आवाज मात्र तिला जरा बसल्यासारखा वाटला. तेव्हा दौंडला कुणी जाणार असाल, तर साराचं एवढं काम करा. स्टेशनापलीकडे छपरावर लांब तार ताणलेलं घर दिसेल, तिथे सहज डोकावून या. तिने पाठवलंय म्हणून सांगू नका. चहा देतीलच, कप धरताना हात थरथरतो का, तेवढं बघा.