सुंदराची पाचशे मिरगुंडं

पळसदरीच्या निसर्गोपचार केंद्रात मी पोटावर मातीची पट्टी घेऊन पडलो होतो, तेव्हा आमच्या कुंभिवलीची सुंदरा मिरगुंडांचा नमुना घेऊन आली. केंद्राच्या दुकानात तिचा माल लागावा म्हणून शब्द मीच टाकला होता. हायवेच्या टपऱ्यांवर रंगीत पाकिटांच्या माळा लटकायला लागल्यापासून तिचं गिऱ्हाईक तुटलं होतं. इथंही नाही जमलं तर मिरगुंडं बंद, असं ती म्हणाली होती.

मिरगुंडं म्हणजे पोह्याच्या पापडाची धाकटी भावंडं. लहानपणी आमच्या खळ्यात ती वाळत पडायची आणि ठमीआत्या मला राखणीला बसवायची. कावळे लाजतील एवढी मी खायचो. त्याआधी ओल्या पिठाची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली, की हिंगामिरचीने कान गरम व्हायचे. सात दिवस दुधीचा रस प्यायलेल्या माणसाला असलंच सगळं आठवतं.

दुकानात काय ठेवायचं ते केंद्राच्या डॉक्टर हर्षला ठरवत. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचण्यात त्या पटाईत. रंगाचे, टिकवण्याचे, चव वाढवण्याचे, सगळ्या रसायनांचे ई-नंबर त्यांना तोंडपाठ.

"काय काय घालता यात?"

"पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, मीठ नि पापडखार."

"पापडखार... ई पाचशे," डॉक्टर पुटपुटल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्या उठून गेल्या.

आता, आमच्याकडे 'ह' हे अक्षर लोक शाळेतच ठेवून येतात. 'ही' म्हणायचं तर 'ई' म्हणतात. सुंदराचा चेहरा उजळला.

"भाऊ, ऐकलंत? ई पाचशे! बाईंनी पाचशे सांगितली वो!"

तो खाराचा नंबर आहे, हे मला कळलं होतं. सांगायला तोंड उघडलं, तर पाणी सुटलं. "ऊन चांगलं आहे," एवढंच म्हणालो.

पाचव्या दिवशी ती दोन डबे घेऊन हजर.

"मी कधी मागवली?" डॉक्टर म्हणाल्या.

"तुमीच बोललात. भाऊंनी ऐकलंय की!"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं कबूल केलं.

"चार दिस उनात भाजले मी, नि तुमी कळून गप?" सुंदरा म्हणाली. "लाज नाय वाटली?"

"वाटली. पण नंतर."

डॉक्टरांनी एक मिरगुंड उचलून हुंगलं. "खाराशिवाय नाही का होत?"

"करीन की. मंग खाणाऱ्यांनी दात इथंच ठेवून जायचे."

डॉक्टर हसल्या, पण बधल्या नाहीत. "दुकानात नाही ठेवणार. मात्र विचारल्यावर तुम्ही काही लपवलं नाहीत. फाटकाबाहेर बसा. घरी जाणारे पेशंट तिथूनच जातात. आत काय काय आहे, ते पाटीवर लिहायचं. आणि लिहितील हे."

पाटी मी लिहिली, खारासकट. शनिवारी माझ्याबरोबर सुटका झालेले पेशंट तिथं थबकले.

"मावशी, हे पौष्टिक आहे का?" एकाने विचारलं.

"नाय. चांगलं लागतं."

त्याने पन्नास घेतली. दुपारपर्यंत डबे रिकामे झाले आणि तिघी बायका सुंदराचा नंबर लिहून घेऊन गेल्या. तळाला चुरा उरला होता. तो तिने माझ्यापुढे सारला. तळायचा धीर कुणाला? कच्चाच तोंडात टाकला.

"कसं लागतं?"

"तसंच."

"मंग रडता कशाला?"

"मिरची," मी म्हणालो.