शुक्रवारची खरखर

आमच्या तिजानीची पोस्टातल्या तारयंत्रापुढे उभी हयात गेली. त्यामुळे रेडिओतलं आपल्याला कळतं तेवढं साऱ्या करकना बेटावर कुणाला कळत नाही, असा त्याचा पक्का समज. समज कसला, माज. नवरा आहे माझा, मी बोलणार.

बोटी लांबच्या पाण्यात गेल्या की फोन लागत नाहीत. म्हणून शुक्रवारी दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर बोटीचे राईस, म्हणजे कप्तान, वायरलेसचा माइक खलाशांच्या हातात देतात. एकेकाची पाळी. घरच्यांनी नुसतं ऐकायचं, उलट बोलायची सोय नाही. सगळं बेट ऐकत असतं, तेव्हा कुणी मनातलं काढून ठेवत नाही. बरा आहे, खोकला थांबला, एवढंच. पण आवाज कानावर पडतो, आणि बाईमाणसाला तेवढं पुरतं.

आमचा मुलगा लसाद, राईस अम्मारच्या बोटीवर. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातली एक नवऱ्यानं सोडलेली मुलगी त्याला करायची होती. तिजानी म्हणाला, "ती माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." पोरगा कुसकुसच्या परातीवरून उठला, पिशवी उचलली आणि बंदरावर गेला. मी भांडले, रडले. हा ढिम्म. आणि बोट निघून गेल्यावर बाजारातून वायरी आणून अँटेना करायला बसला. चुकलो म्हणायला जीभ रेटेना मेल्याची, म्हणून सोल्डरिंग गन हातात घेतली.

"तो बोलेल," मला म्हणाला. "उम्मी म्हणून तुला एक हाक मारली ना, तरी समज राग गेला."

अँटेना म्हणजे वीतभर प्लास्टिकची नळी. आत साबणाच्या वडीएवढा पत्रा आणि चिमुकलं सर्किट. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी काठी उभी करून तिच्या टोकाला ती बसवली. खाली येणाऱ्या केबलचं जाळीचं वेष्टन गच्चीवरच घराच्या अर्थिंगच्या तारेला स्क्रूनं घट्ट आवळलं. हे अर्थिंग म्हणजे त्याचा अभिमान. आमच्या ओळीतल्या चारही घरांना मिळून एकच, त्याच्याच भावानं घातलेलं.

पहिल्या शुक्रवारी रेडिओ लावला तर नुसती खरखर. मधूनच कुणीतरी पाण्याखालून बोलल्यासारखं. तिजानीनं आमच्या घराचा मेन स्विच पाडला आणि रेडिओ बॅटरीवर घेतला. खरखर तश्शीच.

"बघितलंस? आपली नाही. ही मबरूकाच्या इन्व्हर्टरची."

मबरूका आमची शेजारीण. तिचा रिदा त्याच बोटीवर. ऑक्टोपस साठवायला तिच्याकडे फ्रीझर, तो सौरपत्र्यांवर चालतो. तिजानीनं भिंतीवरून हुकूम सोडला, शुक्रवारी दुपारपासून इन्व्हर्टर बंद ठेवायचा. तिनं ठेवला, तिलाही लेकाचा आवाज हवा होता. उन्हाळ्यात ऑक्टोपसला वास मारायला लागला, तरी ठेवला. खरखर हटली नाही. हा म्हणायचा, ती चोरून चालू करते. मीही तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू? येताजाता टोमणे मारत होते तिला.

मग मबरूका भाचीच्या लग्नाला गेली, घराला कुलूप, मीटरसुद्धा बंद करून. तो शुक्रवारही खरखरीतच गेला. परत आल्यावर माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "आता कुणाच्या नावानं खडे फोडणार, झुहरा? माझं घर तर बंद होतं. नाचता येईना अंगण वाकडं, सांग तुझ्या नवऱ्याला."

तिजानीनं रेडिओ चालू ठेवला. गच्चीवर गेला, गंजलेला अर्थिंगचा स्क्रू घासायला म्हणून काढला, आणि खाली मी ओरडले, "अहो, खरखर कमी झाली!"

जिन्यातच बसला तो. मग हळूहळू बोलला. इतकी लहान अँटेना एकटी ऐकत नाही, केबलवरचं जाळीचं वेष्टनही तिच्याबरोबर ऐकतं. आणि ते वेष्टन त्यानं स्वतःच्या हातानं चार घरांच्या तारेला बांधलं होतं. ओळीतला प्रत्येक चार्जर, प्रत्येक दिवा त्या तारेतून वर चढत होता. आपला स्विच पाडून काय होणार होतं?

मबरूकाची माफी मागायला मीच गेले. तो गेला नाही.

त्यानं काठी उपटून परसाच्या टोकाला, खजुरीच्या पलीकडे समुद्राकडे नेली. खाली ओल्या वाळूत तांब्याची सळई ठोकली आणि केबलचं वेष्टन तिथेच, काठीच्या पायाशी, तिला जोडलं. घरच्या अर्थिंगशी संबंध तोडला. केबल जमिनीवरून आणली आणि घरात शिरण्याआधी काळ्या फेराइटच्या कड्यात तिचे वेढे घातले, म्हणजे घरातल्या विजेची खरखर वेष्टनावरून अँटेनापर्यंत जाऊ नये.

पुढच्या शुक्रवारी मबरूका आली, गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. मी चहा ठेवला. तिजानीनं रेडिओ लावला.

शांत. मागे बोटीचं इंजिन चाललेलं ऐकू यायला लागलं. राईस अम्मार कुणाला तरी दोर ओढायला सांगत होता, तेही.

रिदा बोलला. "उम्मी, बूट फाटले, बाकी मजेत." मबरूका ओढणीनं डोळे पुसत हसली. मग एक म्हातारा खलाशी बोलला. मग राईस म्हणाला, "लसाद, ये. तुझी पाळी."

तिजानी खुर्चीच्या टोकावर आला. मी रेडिओजवळ तोंड नेलं.

"नको," लसाद म्हणाला. माइकपासून लांब होता, तरी प्रत्येक अक्षर कळलं.

"अरे, दर शुक्रवारी नको कसलं? आई ऐकत असेल."

"बापही ऐकत असेल. पुढच्याला द्या."

पुढचा बोलायला लागला. बायका उठल्या, चपला घातल्या. मबरूकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. टोमणा मारायचा तिचा हक्क होता, तिनं मारला नाही, ते जास्त लागलं मला.

तिजानीनं खिशातून आणखी एक फेराइटचं कडं काढलं आणि केबलवर वेढे घालायला बसला.

"अजून थोडी खरखर आहे," म्हणाला. "पोरगा नीट ऐकू आला नाही. आणखी दोन वेढे घातले की—"

त्याच्या हातातून केबल काढून घेतली मी.

"खरखर गेली, तिजानी. दर शुक्रवारी म्हणाला राईस. इतके दिवस तो नकोच म्हणत होता, आज नीट ऐकू आलं एवढंच."