दुखवट्याला अंथरलेली घोंगडी

मी घोंगडी आहे. काळी, काठाला पांढरी रेघ असलेली. पासली गावाच्या वर डोंगरात धनगरांची चार घरं आहेत, त्यातल्या हैबतीबाबांच्या घरची. माणसं माझ्याशी बोलत नाहीत, पण माझ्यावर बसून पुष्कळ बोलतात. गेल्या वर्षी माझ्यावर बसून जे बोललं गेलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी लोकर बाबांच्याच मेंढ्यांची. पावसाळ्यात आमच्या डोंगरात मेंढरू टिकत नाही, खुरं कुजतात. म्हणून पाऊस धरायच्या आधी बाबा कळप घेऊन खाली शिवरे गावाच्या अंगाला, उघड्या माळावर उतरायचे. तिथं लोकर कातरली. बाबांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, ती पिंजून सूत काढलं. एका सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं. त्या खळीनं मी इतकी ताठ झाले होते की बाबांचा थोरला धनाजी मला भिंतीसारखी उभी करून माझ्यामागं लपायचा.

पुढं तो माझी खोळ करून डोक्यावर घ्यायचा आणि भुरभुर पावसात शेरडांमागं हिंडायचा. वेल्ह्याला शिकला, भरतीला उभा राहिला, फौजेत गेला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आईनं त्याच्यासाठी नवी गादी घातली होती. गादीवर कुशी बदलत राहिला आणि शेवटी मला ओढून घेऊन जमिनीवर झोपला. मी टोचते म्हणून लोक नावं ठेवतात. त्याला मात्र माझ्यावर डोळा लागायचा.

मग त्याचं लग्न झालं. साधना घरात आली, शिवानी जन्मली. शिवानी दुडुदुडु चालायला लागली आणि धनाजीला परदेशी जायचा हुकूम आला. लढाईला नव्हे. परक्या मुलखात आपसात मारामाऱ्या लागल्या की तिथल्या गोरगरिबांना राखायला देशोदेशींचे जवान जातात, निळ्या टोप्या घालून. तशा तुकडीत त्याचं नाव लागलं. देश आफ्रिकेतला. त्याचं नाव सारजाबाईंच्या जिभेवर कधी नीट बसलंच नाही.

तो फोन करायचा तेव्हा सगळे माझ्यावर गोल करून बसायचे. एकदा त्यानं सांगितलं की तिथं घरंदारं सोडून आलेली माणसं छावणीत राहतात. त्यांच्या बाया सरपणाला रानात जातात, आणि रानात बंदूकवाले टपलेले असतात. म्हणून जवान त्यांच्या पुढं-मागं चालतात.

"आये, आपल्यावानीच डोक्यावर मोळ्या घेत्यात," तो म्हणाला. "आमी नुसती राखण करायची."

"म्हंजी आपलंच काम की," सारजाबाई हसून म्हणाल्या. "ते कराया एवढ्या लांब कशापायी गेलास?"

तोही हसला. पुढच्याच महिन्यात, तशाच एका मोळ्यांच्या फेरीत, त्याला गोळी लागली.

तुकडीतल्या साहेबांचा फोन साधनानं घेतला. ती माझ्यावर बसून तांदूळ निवडत होती. फोन कानाला तसाच राहिला आणि सूप हातातून सुटलं. मग बऱ्याच दिवसांनी तो आला, तिरंग्यात गुंडाळून. रस्ता संपतो तिथून फौजेच्या माणसांनी त्याला खांद्यावर वर आणलं. खालची अवघी पंचक्रोशी डोंगरावर लोटली होती. बंदुका वाजल्या, शेरडं बुजून दावी तोडायला लागली. साधना रडली, बाबा रडले, ज्यांनी धनाजीला कधी पाहिलं नव्हतं तेही रडले. सारजाबाई रडल्या नाहीत. त्यांचे डोळे कोरडेच राहिले, आणि त्याची गावाला धास्ती वाटू लागली.

दुसऱ्या दिवसापासून मला अंगणात अंथरलं. धनाजीचा धाकटा भाऊ पप्पू मोबाईलवर आलेले शोकसंदेश वाचून दाखवायचा. दिल्लीच्या नेत्यांचे, मुंबईच्या नेत्यांचे. वीरपुत्र, सर्वोच्च बलिदान, देश ऋणी राहील. नावं वेगळी, मजकूर तोच. बाबा प्रत्येक नावाला हात जोडायचे.

मग नेते स्वतः येऊ लागले. दुखवट्याला आलेल्या माणसाच्या बसण्यावरून मला बरंच कळतं. कुणी माझ्या काठावर चवड्यांवर बसतं, म्हणजे उठायला सोपं. कुणी बसायच्या आधी कपड्याला काय लागेल ते पाहतं. मंत्रीसाहेब आले तेव्हा खुर्ची मांडली होती. ती बाजूला सारून ते माझ्यावर मांडी घालून बसले. मला बरं वाटलं. मग त्यांच्याबरोबरच्या माणसानं उजेड पडत नाही म्हणून सगळ्यांना उठवलं, मला ओढून दाराशी नेलं, आणि साहेब पुन्हा तसेच मांडी घालून बसले.

मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांचे डोळेही पाणावले होते. पण ते बोलायला लागले आणि त्यांच्या बोलण्यात धनाजी सीमेवर जाऊन उभा राहिला. त्यानं शत्रूला धूळ चारली, असं ते म्हणाले. खाली गावात त्याची कमान उभारू, असंही म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सारजाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"सायेब, त्या बाया वाचल्या का?"

साहेबांना कळेना. त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारच्यानं आणखी शेजारी पाहिलं.

"मोळ्यावाल्या बाया. माजा ल्योक ज्यांच्या राखणीला व्हता."

"आई, तुमचा मुलगा अमर झाला," साहेब हात जोडून म्हणाले.

"त्ये झालंच. बाया वाचल्या का?"

कुणीतरी हळूच म्हणालं, आईंना आत न्या, त्यांना त्रास होतोय. साधनानं त्यांना उठवलं. मंडळी डोंगर उतरून गेल्यावर बाबा बायकोवर रागावले. एवढी मोठी माणसं दारात येतात, त्यांना असं कुणी विचारतं का, म्हणाले. सारजाबाई एवढंच म्हणाल्या की कळपावर वाघ पडला आणि राखण्या मेला तर आधी मेंढरं मोजतात. त्याचा जीव कशासाठी गेला ते तरी कळतं.

त्यानंतर जो नेता येईल त्याला त्यांनी तेच विचारलं. एकानं खिशातून रुमाल काढला. एकानं घोषणा दिली आणि अंगणातल्या पोरांनी ती झेलली. एका बाई नेत्या त्यांना मिठी मारून हुंदके देत राहिल्या. सारजाबाईंनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या शांत झाल्यावर तेच विचारलं. हळूहळू गावात बोलू लागले की म्हातारीचं डोकं फिरलं. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचे, त्या काही विचारतील, मनावर घेऊ नका. साधनाच तेवढी सासूच्या बाजूनं होती. तिनं तुकडीतल्या साहेबांचा नंबर लावून पाहिला, पण तो लागतच नव्हता.

गर्दी ओसरल्यावर गेनूअण्णा आले. कधीकाळचे आमदार, नंतर दोन वेळा पडलेले. बरोबर कुणी नव्हतं. गुडघे दुखत होते, तरी चढ चढून आले, बाबांचा हात धरून माझ्यावर टेकले. सारजाबाईंनी तेच विचारलं. बाबांनी मान खाली घातली.

गेनूअण्णा म्हणाले, "मला ठावं न्हाई, वयनी." थोडं थांबून म्हणाले, "इचारतो. कळलं की सांगाया येतो."

हे ऐकून सारजाबाईंनी त्यांना चहा घेऊनच जायला लावलं. इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला आपणहून चहा विचारला नव्हता.

पुढं भाताची लावणी झाली. धुकं उतरलं, तोरणा दिसेनासा झाला. ओलीनं मी जड झाले, मला घरात चुलीजवळच्या वलणीवर टाकलं. गेनूअण्णांनीही फसवलं, असं पप्पू म्हणायला लागला होता.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा ते आले. पुण्याला फौजेच्या कचेरीत बरेच खेटे घालावे लागले, म्हणाले. शेवटी धनाजीच्या तुकडीतला एक सुभेदार सुट्टीवर गावी आलेला भेटला, त्याच्या घरी जाऊन समोर बसून विचारलं. साधनानं मला घाईनं अंथरलं. शिवानी आजीच्या मांडीत येऊन बसली.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा धनाजीनं बायांना ओढ्यात उतरायला लावलं आणि स्वतः काठावर थांबला, असं सुभेदारानं सांगितलं होतं. त्या ओढ्यातून वाकून पळाल्या.

"वाचल्या?" सारजाबाईंनी विचारलं.

गेनूअण्णांनी तोंडावरून हात फिरवला. "खोटं न्हाई सांगत, वयनी. सगळ्या न्हाई. दोघी मागं ऱ्हायल्या, त्या गेल्या. बाकीच्या समद्या पोरांबाळांत पोचल्या."

साधनानं पदर तोंडाला लावला. बाबा कुणालाही ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटले. सारजाबाई नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"त्या दोगींच्या घरी कोन गेलं आसंल बसाया?"

ठाऊक नाही, गेनूअण्णा म्हणाले. मग ते डोंगर उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी मला स्वतः झटकलं आणि अंगणाच्या मधोमध अंथरलं. शेजारच्या रतनबाईंना हाक मारली, पलीकडच्या घरच्या अंबूबाईंना बोलावणं धाडलं. बाया घाबऱ्या होऊन आल्या, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या.

"लांबच्या हायेत," सारजाबाई म्हणाल्या. "माज्या धनाजीसंगं गेल्या. सरपणाला गेलेल्या."

बाया बसल्या. आमच्याकडे मेलेल्याचं नाव घेऊन, नातं घेऊन रडतात. इथं नाव ठाऊक नाही, नातं कसलं लावायचं? रतनबाईंनी तसं विचारलंही.

"बाई गं म्हना नुसतं," सारजाबाई म्हणाल्या. आणि त्यांनीच सुरुवात केली. "बाई गं, मोळी टाकून पळायचं व्हतंस गं..." बाकीच्यांनी सूर धरला. तिसऱ्या-चौथ्या हाकेला सारजाबाईंच्या तोंडून "बाई गं" म्हणता म्हणता "धनाजी रं" असं बाहेर पडलं. मग त्यांना आवरायला कुणी उठलं नाही. उन्हं कलेपर्यंत त्या रडल्या. ते सगळं पाणी माझ्यात मुरलं.

आता माझे काठ उसवले आहेत, मधे एक भोक पडलं आहे, आणि शिवानी त्यातून बोट घालून खेळते. खाली गावात कमान झाली. तिच्यावर धनाजीचं नाव मोठ्या अक्षरात आहे. सारजाबाई बाजाराला जाताना तिच्याखालून जातात, क्षणभर थांबतात.

तुम्ही कधी कुणाच्या दारात दुखवट्याला बसायला जाल. जायलाच हवं. पण काय बोलायचं ते घरून ठरवून नेऊ नका. घरचं माणूस काही विचारील, ते ऐका. ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणा. आणि सांगतो म्हणालात, तर सांगायला परत या. बसायला आम्ही घोंगड्या आहोतच.