उभी शेपटी

निसर्गाने कोट्यवधी वर्षं खपून एक भेद पक्का केला: शार्कची शेपटी उभी, डॉल्फिनची आडवी. संग्रहालयाच्या सुताराने तो एका दुपारी मोडीत काढला. कपाटाची मापं घ्यायला तो आला तेव्हा तयार होती फक्त मुशी, म्हणजे छोटा ठिपकेदार शार्क. लांबी त्याने विचारून घेतली, खोली मुशीवरून घेतली. कुबडवाला डॉल्फिन आत बसला, पण पसरट शेपटीमुळे काच काही लागेना.

दोन्ही प्राणी फायबरचे, संग्रहालयात साचे करणाऱ्या साचेवाल्यांनी घडवलेले. दालनाचं नाव होतं ‘दिसायला सारखे, तरी वेगळे’. ते मंजूर झालं तर साचेवाल्यांची जागा टिकणार होती, नाहीतर वर्कशॉपला कुलूप. संचालक त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चारचौघांत तो त्यांना साचेवाले म्हणे, अडला की भाऊजी.

“भाऊजी, शेपटी उभी करा.”

“ती काय दाराची कडी आहे, फिरवायला?”

“उद्या समिती येतेय. नवं कपाट कुठून आणू? तुमची जागा गेली तर ताई मला उभं करेल का दारात?”

“अरे, पण सगळा फरकच शेपटीत आहे!”

“फरक तुम्ही तोंडाने सांगा. तोंड आहे ना?”

त्यांनी घरी फोन लावला. बायको म्हणाली, “अहो, जिवंत डॉल्फिनची कापायला सांगतोय का तो? नाही ना? मग कापा आणि या घरी. भाजी गार होतेय.”

त्यांनी करवत घेतली. फायबर कापताना भुसा उडाला, डोळ्यांत गेला, म्हणून डोळे पुसले. सांधा इतका बेमालूम झाला की त्यांना स्वतःचाच राग आला.

सकाळी समितीच्या अध्यक्षबाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. साचेवाल्यांनी छडी उचलली आणि सवयीने शेपटीकडे नेली. तिथून ती तशीच मागे घेतली.

“मॅडम, हा हवेत श्वास घेतो.”

“कुठून?”

“डोक्यावर छिद्र आहे.” ते कपाटाच्या वरच्या पट्टीमागे गेलं होतं. “आणि मुशीला या बघा, कल्ल्यांच्या फटी.”

“मला वाटलं तडे गेलेत.” बाईंनी चष्मा पुसला. “दोघं सारखेच दिसतात हो. मग दोन कशाला? हा हसरा ठेवा.”

संचालक म्हणाला, “अगदी माझ्या मनातलं बोललात.”

“आणि एकच ठेवायचा, तर साचे करायला वेगळा माणूस कशाला?”

या वेळी संचालक काही बोलला नाही. त्याच्या मनातलं त्या आधीच बोलल्या होत्या.

मुशी अडगळीत गेली. महिन्याच्या, आणि नोकरीच्याही, शेवटच्या दिवशी साचेवाले करवत घेऊन कपाटाशी आले.

“निदान शेपटी तरी पहिल्यासारखी करतो. तेवढं तरी राहू दे माझ्या हातचं.”

“भाऊजी, काच सील केलीय. आणि शेपटी आडवी केली तर काच लागणार आहे का परत?”

मग करवत त्यांनी भांडारात जमा केली, कारण ती सरकारी होती.

दालनाचं उद्घाटन सोमवारी झालं. सोमवारी संग्रहालय बंद असतं.