अफवांचं स्कोअरबुक

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही, चिंतामण, पण गेमचा नवा डबा मुंबईत आलाय. काल ह्या डोळ्यांनी बघितला. वरळी कोळीवाड्यात, आनंदाच्या होडीत!"

कोंडीरामने चपला दाराशी उडवल्या, खुर्ची कॉटला भिडवली आणि दोन्ही हात मोकळे केले. हात मोकळे असल्याशिवाय त्याला थाप मारता येत नसे. कॉटवर चिंतामणी उशीला टेकून छताकडे बघत होता.

"कंटेनर पडला म्हणे समुद्रात. आनंदाच्या जाळ्यात रावस यायच्या ऐवजी हा आला. त्याच्या बायकोला वाटलं बर्फाची पेटी. तिनं झाकण उघडून आत चार पापलेटं ठेवली. आणि डबा झाला ना चालू! आतला पंखा असा सुटला, असा सुटला, की वर दोरीवर घातलेले ओले बोंबील चार मिनिटांत वाळून कडकडीत. शेजारणीचेसुद्धा. आता पापलेटांचं काय झालं ते विचार."

चिंतामणीने विचारलं नाही.

"अरे, विचार की."

"काय झालं, कोंडीआजोबा?" टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली मनवा म्हणाली. चिंतामणीची ही नात कॉलेजसाठी गिरगावात आजीआजोबांकडे राहत होती.

"तू नको विचारू गं. तुझी बॅटिंग नाय."

"पण भाऊ, समुद्रात पडलेल्या डब्याला वीज कुठली?" आतून नलूवहिनींनी, चिंतामणीच्या बायकोने, कणीक मळता मळता विचारलं.

"वहिनी, तुम्हीपण नाही. माझी चूक काढायचा हक्क ह्याचा. दुसऱ्या कुणी काढली तर मी मानत नसतो."

चिंतामणीची नजर छतावरून हलली, कोंडीरामच्या तोंडावर क्षणभर थांबली आणि पुन्हा छताला जाऊन चिकटली. कोंडीराम खुर्चीत मागे टेकला. बोंबील फुकट गेले होते.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना चिंतामणीला झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू परतला. आता चमचा धरतो, शर्टाचं वरचं बटण सोडून बाकीची लावतो. गेली ती वाचा. ऐकलेलं सगळं कळतं, शब्द मात्र आतच अडकून बसतो. परळच्या हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी गाय, कप, छत्री अशी चित्रांची कार्डं दिली. चिंतामणीने गाय बघितली आणि डोळे मिटून घेतले. जन्मभर बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला पंचाहत्तराव्या वर्षी गाय ओळखायला लावली, तर तो दुसरं काय करणार! तेव्हा बाई जिन्यात येऊन म्हणाल्या, "पहिले सहा महिने फार महत्त्वाचे आहेत. त्यांना स्वतःहून बोलावंसं वाटलं पाहिजे. न बोलून राहवणार नाही, असं काहीतरी शोधा."

नलूवहिनी रडल्या. कोंडीराम मात्र खूश होऊन घरी गेला. चिंतामणीला न बोलून केव्हा राहवत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खोटं ऐकलं की!

दोघेही स्कोअरर. ऑफिस क्रिकेटच्या जमान्यात चिंतामणी बँकेच्या टीमचा आणि कोंडीराम मिलच्या टीमचा. मैदान आझाद असो की दादरचं, सीमारेषेबाहेरच्या त्या फाटक्या तंबूत एका बाकावर दोन पुस्तकं आणि दोन डोकी शेजारी शेजारी. प्रत्येक ओव्हर संपली की एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने ताडून बघायचा. मधल्या वेळात कोंडीराम थापा मारी. मिलच्या बॅट्समनने मारलेला सिक्सर चालत्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर कंडक्टरच्या पिशवीत पडला आणि थेट माहीमला उतरला, असं काहीबाही. चिंतामणी पेन्सिलीवरची नजर न काढता म्हणे, "त्या रस्त्याने डबलडेकर जात नाही." संपला सिक्सर! कोंडीरामला त्याचा राग कधी आला नाही. त्याच्या थापांना हसणारे पुष्कळ होते, नीट ऐकणारा हा एकच.

रिटायर झाल्यावर दोघांना पुन्हा एक मैदान सापडलं. चिंतामणीचा मुलगा यशोधन बंगळूरला गेला आणि त्याचा गेम खेळायचा डबा टीव्हीखाली सोडून गेला. त्यात क्रिकेट होतं. पहिल्या दिवशी चिंतामणी म्हणाला, "पोरखेळ." दुसऱ्या दिवशी कोंडीरामला त्याने नऊ विकेट्सनी हरवलं. मग रोज दुपार. टीव्हीवर धावफलक दिसत असूनसुद्धा दोघे आपापलं पुस्तक मांडीवर घेऊन बसत. मशीनचा काय भरवसा?

आणि मग नव्या डब्याची चाहूल लागली. कंपनीने चकार शब्द काढला नव्हता, पण मोबाइलवर सगळं जग बोलत होतं. हातात धरून फिरवता येईल. डिस्क घालायची फटच नसेल. ह्या दिवाळीला येणार. नाही, पुढच्या. चिंतामणीने ह्या वावड्यांसाठी वेगळं स्कोअरबुक उघडलं. 'कुणीतरी म्हणतं' अशी बातमी असेल तर टिंब. फोटो फुटला तर एक धाव. कंपनीने स्वतः तोंड उघडलं तर चौकार. बातमी खोटी ठरली तर विकेट. दोन वर्षांत तेवीस षटकं झाली होती, अकरा धावा, सहा बाद. दोघांना काळजी एकच होती: आपलं जुनं क्रिकेट नव्या डब्यात चालेल का? त्यात त्यांचे एकतीस सीझन साठवलेले होते.

झटका आल्यापासून ते पुस्तक कोंडीराम लिहीत होता. मनवा मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवी, तो टिंबं मांडी. तोंडाने तो बोंबील वाळवो नाहीतर आणखी काही करो, पुस्तकात त्याने खोटं टिंब घातलं नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्या बायकोने, कमलाबाईने, मेथी निवडत विचारलं, "आज काय सोडलंत?" चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, ती अजून चाळीच्या गॅलरीत बसावी तशी दारातच बसे.

"डब्याच्या पंख्यानं बोंबील वाळवले."

"पकडलं त्यांनी?"

"नाय गं."

"बारकी सोडली असणार. जरा मोठी सोडा."

"मोठी-बारकीचा प्रश्न नाय. तो ओळखतो. ओळखून गप्प बसतो. ओळखून गप्प बसवणार नाय, अशी पायजे."

कमलाबाईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "रोज दोन बसा बदलता, गुडघे धरून जिने चढता. एवढं सख्ख्या भावासाठी नाय केलंत."

कोंडीराम खिडकीबाहेर बघत राहिला. तिला कारण ठाऊक होतं, तरी ती टोके. एक्क्याऐंशी साली बँक विरुद्ध मिल. शेवटच्या चेंडूनंतर चिंतामणीच्या पुस्तकात बरोबरी आणि कोंडीरामच्या पुस्तकात मिल जिंकलेली. फरक एका धावेचा, एका लेगबायचा. बँकेचा कॅप्टन हसून म्हणाला, "आता मिलमधल्या कामगाराचं पुस्तक धरायचं का?" कोंडीरामने मान खाली घातली होती. चिंतामणीने दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली, पहिल्या चेंडूपासून बोट फिरवलं, आणि आपल्याच साहेबासमोर उभा राहून म्हणाला, "माझं चुकलं. कोंडीरामचं बरोबर आहे." बँक हरली. वर्षभर बँकेत चिंतामणीशी कुणी धड बोललं नाही. पुढे मिलला कुलूप लागलं तेव्हा स्कोअररच्या पॅनेलवर कोंडीरामचं नाव घालायला हाच गेला होता, आणि ह्या सगळ्याबद्दल कोंडीरामने त्याला एकदाही "बरं केलंस" म्हटलं नव्हतं. आभार मानायची सवय नसलेला माणूस थापा मारतो.

पुढचे दोन आठवडे त्याने काय काय सोडलं नाही! नव्या डब्यातला अंपायर चहाच्या वेळी खरोखरच उठून जातो आणि आपण कप टीव्हीसमोर ठेवल्याशिवाय परत येत नाही. रिमोट हातात धरला की आपल्या घामावरून साखर किती ते सांगतो, आणि साखर जास्त असेल तर नो-बॉल देतो. जपानहून एक साहेब मुद्दाम लालबागला येऊन गेला, प्रेक्षकांचा आवाज रेकॉर्ड करायला. मनवा हसून हसून टेबलावर डोकं ठेवी. एकदा चिंतामणीचाही ओठ एका बाजूने वर गेला. शब्द आला नाही.

मग एके दिवशी कोंडीरामने आपल्याकडची सगळ्यात मोठी काढली. मोठी म्हणजे अगदी छोटीशी, साध्या आवाजात.

"चिंतामण, नव्या डब्यात जुन्या मॅचेसपण घातल्यात म्हणे. एक्क्याऐंशीची आपली घातलीय. मी बघितली. पहिल्या चेंडूपासून मोजली." तो थांबला. "त्या दिवशी माझंच चुकलं होतं, रे. लेगबाय नव्हताच. तुझं पुस्तक बरोबर होतं."

चिंतामणीने झटक्यात मान वळवली. त्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, "अ... अ..." असा आवाज आला आणि तिथेच अडला. त्याने डाव्या हाताने गादीवर थाप मारली, पुन्हा मारली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बोल! लेगबाय होता की नव्हता? बोल ना!"

"भाऊ, पुरे!" नलूवहिनी धावत आल्या. पदराने नवऱ्याचे डोळे पुसत म्हणाल्या, "नका हो. आतून तडफडतात ते. मला बघवत नाही."

कोंडीराम उठला. चपला घालताना त्याला उजवीडावी सापडेना.

दुसऱ्या दिवशी तो आला, पण हात मोकळे करून बसला नाही. मांडीवर स्कोअरबुक घेऊन नुसता बसून राहिला. चिंतामणी छताकडे बघत होता.

"आली!" मनवा एकदम ओरडली. "आजोबा, कंपनीने डिक्लेअर केलं! स्वतः! जुने गेम चालणार. सगळे. सेव्ह केलेल्या सीझनसकट!"

कोंडीरामने पेन्सिल उचलली. "चौकार."

"पण..." तिचा आवाज खाली आला. "ह्या वर्षी नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी."

बहात्तर आणि पंचाहत्तर अशा दोन वयांत दोन वर्षं मिळवायची म्हणजे मोठी बेरीज. कोंडीरामने चौकार मांडला, पुस्तक चिंतामणीसमोर धरलं. चिंतामणीने आकड्यावरून नजर फिरवली, बरोबर असल्याची मान हलवली आणि डोळे मिटले.

"चला, दोन वर्षं वाट बघायला मिळाली," कोंडीराम म्हणाला. "आपल्या वयात कुणाला मिळते?"

नलूवहिनींनी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. "भाऊ, काल मी जरा जोरात बोलले."

"बरोबर बोललात."

"नाही, मला सांगायचंय. चार महिने झाले. पहिल्या आठवड्यात सगळी आली, फळं घेऊन. मग कोण येतं? यशोधन फोन करतो, त्याचाही दोष नाही. तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. ह्या घरात दुपारी हसू ऐकू येतं ते तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी... पण आता स्वतःचे हाल करू नका. एक दिवसाआड या. बोलणं यायचं असेल तर येईल. नाहीच आलं, तर... बाईपण आता काही नक्की सांगत नाहीत."

कोंडीरामला तोंड कुठे लपवावं कळेना. पोलीस मागे लागले असते तर तो जागचा हलला नसता, आभारांनी मात्र त्याची पळता भुई थोडी झाली. त्याने चहाचा मोठा घोट घेतला, जीभ भाजून घेतली आणि उगाच खेकसला.

"छ्या! काय वहिनी, तुम्हीपण! मी काय ह्याच्यासाठी येतो? घरी कमला मेथी निवडायला लावते म्हणून येतो. आणि हा बोलला काय नि न बोलला काय, मला काय फरक पडतो? उलट बरंय. चाळीस वर्षं मधे मधे टोकून जीव खाल्ला ह्यानं. आता निवांत बोलता येतं. मला तर ह्याच्या आवाजाची आठवणसुद्धा येत नाय."

"ख..."

मनवाने लॅपटॉपवरून हात उचलला. नलूवहिनी कॉटकडे वळल्या. कोंडीरामने मान वळवली नाही. वळवली तर तो शब्द मोडेल, असं त्याला वाटलं.

कॉटवर चिंतामणी डाव्या कोपरावर अर्धवट उठला होता. कपाळावर घाम आला होता. डोळे छताकडे नव्हते, थेट कोंडीरामच्या पाठीवर होते. त्याने ओठ आवळले, श्वास घेतला, आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं.

"खो... टं."